पाण्यात ठेवलेले देव

१३ जून १९९९, रविवार. सकाळचे दहा वाजले होते आणि मी ओट्याशी लोणच्याच्या फोडी पुसत उभी होते. मंडईतून पाच किलो कैरी फोडूनच आणली होती. फोडीला चिकटलेला कोयीचा पापुद्रा काढायचा, कोरड्या फडक्याने फोड पुसायची आणि मीठ-हळद घातलेल्या परातीत टाकायची, एवढंच काम. अशा कामात हात आपोआप चालतात आणि कान मोकळे राहतात. बाहेरच्या खोलीत ह्यांनी टीव्ही लावला होता. त्या महिन्यात एका वाहिनीवर क्रिकेटचा विश्वचषक आणि दुसरीवर कारगिलची लढाई असायची, आणि हे दोन्हींमध्ये सारखे येरझाऱ्या घालायचे. अचानक बटणाचा आवाज थांबला. मी फडकं हातात घेऊन दारात आले. विमानातून तिरंग्यात गुंडाळलेली पेटी उतरवत होते. गर्दीत एक बाई दिसली, माझ्याच वयाची. तिच्या दोन्ही कोपरांना दोघींनी धरलं होतं आणि ती पेटीकडे न बघता भलतीकडेच कुठेतरी बघत होती. आमचा निखिल खुर्चीमागे उभा होता, हातात अर्धी खाल्लेली पोळी. तो घाबरला नव्हता की रडवेला झाला नव्हता. तो टाचा जुळवून ताठ उभा होता. कोणी सांगितलं नव्हतं. त्या जुळलेल्या टाचांवरून माझी नजर हलेना.

निखिल आमचा एकुलता एक. बारावी झाला होता आणि खडकवासल्याच्या सैनिकी प्रबोधिनीची सगळ्या पायऱ्या चढून शेवटच्या उंबऱ्याशी येऊन थांबला होता. लेखी परीक्षा झाली, भोपाळला पाच दिवसांची मुलाखत झाली, वैद्यकीय तपासणीत पास झाला. आता दिल्लीहून शेवटची यादी लागायची होती. आज लागेल, उद्या लागेल, असं चाललं होतं. मुलाखतीला गेला तेव्हा लढाई नव्हती. तेव्हा मीच त्याला नवा शर्ट शिवून दिला होता आणि लोकांना सांगत सुटले होते. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "अहो, हल्ली कोण पाठवतं मुलाला तिकडे? आमच्या परागचं बघा. दोन हजार साल येतंय ना, तर कॉम्प्युटरमधले सालाचे आकडे दुरुस्त करायला कंपनी त्याला अमेरिकेला धाडतेय." मी म्हणाले, "छान. घरात एक दुरुस्तीवाला पुरे आहे." त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. म्हणजे तोंडाने मी कुठे कमी पडत नव्हते.

मी भाविक बाई नव्हे, हे आधीच सांगते. कसब्यात माझा टंकलेखनाचा वर्ग आहे, वर आमचं घर. तेव्हा बारा टाइपरायटर होते आणि दोन कॉम्प्युटर नवे घेतले होते, त्यांच्यावर मी अजून झाकण घालूनच ठेवायची. सकाळी सातला पहिली तुकडी यायची, त्यामुळे माझी पूजा दहा मिनिटांत उरकायची. देवांना आंघोळ, गंध, फूल, दिवा, झालं. देवाकडे काही मागायची सवय नव्हती, कारण मागून मिळवलेल्या गोष्टीवर माझा विश्वासच नव्हता.

त्या रविवारी दुपारी हे झोपले आणि निखिल पर्वतीवर पळायला गेला. भर उन्हात जायचा, सवय व्हावी म्हणून. मी देवघरासमोर बसले. आमच्याकडे एखादं मोठं काम अडलं की देव पाण्यात ठेवतात. मूर्ती उचलून पाण्याने भरलेल्या भांड्यात ठेवायच्या, रोज पाणी बदलायचं, आणि काम होईपर्यंत बाहेर काढायच्या नाहीत. थोडक्यात, देवाला अडवून धरायचं. ह्यांच्या कारखान्यात संप झाला होता तेव्हा सासूबाईंनी ठेवले होते आणि मी मनातल्या मनात हसले होते. आता मी तांब्याचं घंगाळ काढलं, भरलं, आणि गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि देवीचा टाक एकेक करून पाण्यात सोडले. हात जोडले आणि मनात एकच वाक्य म्हटलं: त्या यादीत माझ्या मुलाचं नाव येऊ देऊ नकोस.

हे वाक्य मी आजवर कागदावर लिहिलं नव्हतं. एवढी वर्षं दुसऱ्यांचे अर्ज टाइप केले, पण स्वतःचा हा अर्ज लिहायला मला आज लाज वाटते आहे. मुलाने दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं. पहाटे उठणं, पळणं, इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचणं, आरशासमोर उभं राहून बोलायचा सराव. आणि मी त्याच्या पाठीमागे देवाला सांगत होते की हे सगळं फुकट जाऊ दे.

संध्याकाळी तो घरी आला, पाणी प्यायला आत गेला आणि घंगाळापाशी थबकला.

"आई, हे तू केलंस? तू?"

"मग काय झालं?"

"तू तर सत्यनारायणाला प्रसादाच्या वेळेला जातेस."

"एकदा ठेवले तर बिघडलं कुठे?"

"माझ्यासाठी?"

"नाहीतर काय शेजाऱ्यांसाठी?"

त्याने वाकून घंगाळाला नमस्कार केला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. उभा राहिल्यावर म्हणाला, "थँक्यू, आई." आयुष्यात मुलाने मला एवढ्या मनापासून कधी काही म्हटलं नसेल, आणि त्याच वेळी मला तोंड लपवायला जागा सापडत नव्हती. मी म्हणाले, "हातपाय धू आधी, लोणच्याच्या परातीला हात लावू नकोस."

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगणं कठीण आहे. सकाळी पाणी बदलताना देवांकडे बघायची नाही. फोन वाजला की वर्गातल्या मुली टाइप करत राहायच्या आणि मला त्यांच्या यंत्रांचा आवाज ऐकू येईनासा व्हायचा. पोस्टमन आमच्या जिन्यासमोरून पुढे गेला की सुटल्यासारखं वाटायचं, आणि पाच मिनिटांत वाटायचं, उद्या येईल. माझी भीती एकाच बाजूची असती तर मी तिला तोंड दिलं असतं. पण यादीत नाव आलं तर एक दिवस ती पेटी, आणि नाही आलं तर ते माझं काम, मी देवाला सांगून केलेलं. दोन्हींतलं काही झालं तरी माझ्या मुलाचं काहीतरी जाणारच होतं. एरवी कधी न चुकणारी मी त्या आठवड्यात एका वकिलाचा अर्ज तीनदा टाइप केला. ह्यांनी एकदा जेवताना विचारलं, "तुला बरं नाही का?" मी म्हणाले, "उकडतंय."

हे स्वतः काय विचार करत होते ते कळत नव्हतं. ते टीव्ही बंद करत नव्हते एवढं खरं.

नवव्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, परागचा फोन आला. त्याच्या ओळखीचा एक जण दिल्लीत होता, त्याला परागने निखिलचा परीक्षेचा नंबर देऊन ठेवला होता. यादी त्या दिवशी फलकावर लागली होती.

"काकू, नंबर नाही."

"नीट बघितलं त्याने?"

"दोनदा बघितलं म्हणाला. जाऊ द्या ना काकू, एका अर्थी बरंच झालं. त्याला कॉम्प्युटरचा फॉर्म भरायला सांगा, अजून तारीख गेलेली नाही."

मी फोन ठेवला. खरं सांगायचं तर मनात पहिला शब्द आला तो 'सुटले'. मी वर जाऊन ह्यांना आणि निखिलला सरळ सांगितलं, कारण वाईट बातमी घोळवायची मला सवय नाही. निखिल "बरं" म्हणाला. मी भाकऱ्या थापायला घेतल्या. थोड्या वेळाने घरातल्या बोळातून कर्रकर्र आवाज येऊ लागला. बोळाच्या दारात निखिलने लोंबकळून अंग वर खेचायला लोखंडी गज बसवला होता. दोन वर्षं तो गज तिथे होता. निखिल स्टुलावर उभा राहून स्क्रू काढत होता. हे म्हणाले, "असू दे की रे, राहू दे." तो म्हणाला, "कशाला? येता जाता सगळ्यांच्या डोक्याला लागतो." एकेक स्क्रू काढून तो खिशात टाकत होता. आवाज अगदी शांत, हातही शांत. माझी भाकरी तव्यावर करपली आणि मला कळलं की मी मागितलेलं मला मिळालं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी खाली तुकडी घ्यायला गेले. नऊला वर आले तर निखिल नव्हता. पळायचे बूट दारातच होते, चपला नव्हत्या. ह्यांना सांगून गेला नव्हता आणि हे कामावर निघून गेले होते. दहा वाजले, अकरा वाजले. आमच्या घरापासून नदी चार मिनिटांवर आहे. दरवर्षी जूनमध्ये परीक्षांचे निकाल लागले की वर्तमानपत्रात कोपऱ्यात छोट्या बातम्या येतात, त्या मी इतकी वर्षं वाचून पान उलटत आले होते. त्या दिवशी मी दोनदा पुलापर्यंत जाऊन आले. कठड्याला हात लावला नाही, खाली बघितलं नाही, नुसती जाऊन आले. शेजाऱ्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं, भाजी बघायला गेले होते.

दुपारी दोनच्या सुमाराला वर्ग रिकामा असतो. मी खुर्चीत बसले होते, काही करत नव्हते. दारात एक बाई आली. साठीची असेल. नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी, पायात धुळीने भरलेल्या वहाणा. त्या तिने उंबऱ्याबाहेर काढल्या.

"टायपिंग हितंच का?"

"इथंच. बसा, मावशी."

"बसायला न्हाई आले. पाकिटावर पत्ता छापून पायजे, इंग्रजीतनं. हंडा गळतोय, तांबट आळीत डाग द्यायला दिलाय, तवर म्हटलं हे काम उरकावं." तिने पिशवीतून कोऱ्या पाकिटांचा गठ्ठा आणि एक चुरगळलेलं आंतर्देशीय पत्र काढलं. पत्रामागे पाठवणाऱ्याचा पत्ता होता. हुद्दा, नाव, पलटण आणि खाली सैन्याच्या टपालाचा नंबर.

"किती करायची?"

"पंधरा."

"एकाच पत्त्याची पंधरा?"

"रोज एक टाकते मी. माझं अक्षर तिकडच्यांना लागंल न लागंल. छापलेलं बरं."

"मुलगा का?"

"धाकटा. वाघोलीची आमी. बर्फात बसलाय त्यो."

मी पाकीट यंत्रात घातलं. दुसरं, तिसरं. ती उभीच होती. चौथ्या पाकिटाला मी पत्ता चुकवला, ते काढून बाजूला ठेवलं. तिने वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"घरात कुणी गेलंय का, ताई?"

इतकं सरळ मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "नाही हो. मुलगा सकाळपासून घरी नाही. तुमच्या मुलासारखंच त्याला व्हायचं होतं. काल दिल्लीहून कळलं, यादीत नंबर नाही."

"यादी तुमी बघितली?"

"ओळखीच्याने बघितली."

"नंबराच्या जागी बघितली आसंल." ती खुर्चीवर बसली. "ह्या धाकट्याच्या येळंला आमच्या थोरल्या दिरानं बी तसंच क्येलं. लेखी परीक्षेची यादी नंबरानं लागती, तिची सवय झालेली. ही शेवटची तशी नसती. पयला कोण आला, दुसरा कोण आला, तशी लागती. नंबर समदे इस्कटलेले. गर्दीत मागनं बघणारा काय बघनार? दिरानं सांगितलं, नंबर न्हाई, आन् पोरगं दोन दिस गोठ्यात झोपलं. मंग घरी पत्र आलं, बोलवलंय म्हणून. वरनं खालपातूर वाचावी लागती, ताई."

मी यंत्रावरचे हात खाली घेतले. आनंद व्हायला हवा होता. मला थंडी वाजल्यासारखं झालं, जूनच्या उकाड्यात. तिला ते दिसलं असावं.

"आता का पांढऱ्या पडलात?"

नवऱ्याला, बहिणीला, कोणालाच न सांगितलेलं मी त्या अनोळखी बाईला सांगून टाकलं. म्हणाले, "मावशी, मी देव पाण्यात ठेवलेत. सगळ्यांना वाटतं त्याची निवड व्हावी म्हणून. मी ठेवलेत ते होऊ नये म्हणून."

तांबट आळीतून ठोक्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, आता ही मला बोलेल. हिचा मुलगा तिकडे आणि मी माझा लपवून ठेवायला निघालेली. ती म्हणाली, "माझं बी व्हतं की पाण्यात."

"कधी?"

"लढाई लागली तवा. खंडोबा, आई, समदं घातलं पाण्यात. पोरगं खाली येईस्तवर काढायचं न्हाई म्हटलं. धा दिस ठिवलं. मंग एक दिस पानी बदलताना माझ्या ध्यानात आलं, आगं, ह्यो हितं पितळीत नाकापातूर बुडालाय. त्यो तिकडं डोंगरावर कवा जायचा? काढला, पुसला. म्हटलं, जा बाबा. माझ्याकडं नगं बघू, पोराकडं बघ. तुला काय करायचं त्ये कर."

"मग भीती गेली?"

"छ्या! भ्या हाय की. म्हणून तर पंधरा पाकिटं."

ती हसली, समोरचा एक दात नव्हता. मीही हसले असेन. उरलेली पाकिटं मी टाइप केली, एकही चूक झाली नाही. तिने ती मोजून पिशवीत ठेवली, वहाणा घातल्या आणि "पोरगं यील संध्याकाळी, जेवायला करून ठिवा" म्हणून निघून गेली.

मी वर्गाला कडी घातली आणि वर आले. घंगाळापुढे बसले. काम झाल्याशिवाय देव काढायचे नाहीत हा नियम, आणि काम झालं की नाही हे मला माहीत नव्हतं. शिवाय कोणतं काम, हेही आता धड सांगता आलं नसतं. मी आधी गणपती काढला, पदराने नाही, स्वच्छ पंचाने पुसला, सोंडेच्या वळणातलं पाणी टिपलं. मग बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक. जागच्या जागी ठेवले. नऊ दिवस पाण्यात राहून पितळ काळवंडलं होतं. काय म्हणायचं ते सुचेना. दहा मिनिटांची पूजा करणाऱ्या बाईजवळ शब्द तरी किती असणार? मी एवढंच म्हणाले, "मी मागितलेलं परत घेते. तो कुठे असेल तिथे त्याच्याजवळ जा." आणि मग मी रडले. थोडंच. नंतर उठून दिवा लावला.

खाली येऊन परागला त्याच्या कचेरीत फोन लावला. "पराग, मला यादीचा कागद हवा."

"काकू, मी सांगितलं ना काल..."

"तू सांगितलंस. मला माणसाचं सांगणं नको, कागद हवा. दिल्लीच्या तुझ्या मित्राला म्हणावं, फलकावरून उतरवून घे नाहीतर कुठून मिळव, पण सगळी पानं फॅक्स कर. आमच्या कोपऱ्यावरच्या फोनवाल्याकडे मशीन आहे, नंबर लिहून घे."

"सगळी? काकू, तीनशेच्या वर नावं आहेत."

"तीनशे ओळी मी चहा पिता पिता तपासते."

सहा वाजता फोनवाल्याने हाक मारली. गरम, वळलेले, फिकट छपाईचे कागद. नावं बरीचशी पुसट, आकडे तेवढे लागत होते. आणि आकडे खरंच विस्कटलेले होते, लहानापुढे मोठा, मोठ्यापुढे लहान. मी ते वर्गात आणले, टेबलावर सपाट केले, वर कात्री आणि डिंकाची बाटली ठेवली. टाइप केलेला मजकूर तपासताना आम्ही ओळीखाली पट्टी धरतो आणि एकेक ओळ वाचून पट्टी खाली सरकवतो, म्हणजे डोळा घसरत नाही. आयुष्यभर लोकांची कागदपत्रं अशी तपासली. पहिल्या ओळीखाली पट्टी धरली तेव्हा मला काय हवं आहे हे मला माहीत नव्हतं. मी नुसती वाचत होते. पन्नास. शंभर. दीडशेच्या पुढे पट्टी थोडी भरभर सरकायला लागली आणि माझ्या ध्यानात आलं की मी दर ओळीला मनात 'असू दे' म्हणते आहे. केव्हापासून म्हणत होते कोण जाणे. दोनशे चौदाव्या ओळीवर तो नंबर होता. मी पट्टी उचलली नाही. तीन वेळा आकडे ताडून बघितले, त्याच्या प्रवेशपत्राशी लावून बघितले. मग सगळी भीती जशीच्या तशी परत आली. पेटी, ती बाई, तिचे धरलेले कोपर, सगळं. पण भीती बसली तिथे आता लपवाछपवी नव्हती.

सात वाजता निखिल आला. चपला हातात, टाचांना फोड. मी विचारलं, "कुठे होतास?"

"खडकवासल्याला."

"कसा गेलास?"

"चालत. एकदा बघून यायचं होतं. फाटकासमोर बसलो होतो. पहारेकऱ्याने दोनदा उठवलं."

मी त्याला पट्टीवरची ओळ दाखवली. तो वाकला, वाचलं, मग परत वाचलं. खाली बसला, फरशीवरच. त्याच्या तोंडावर जे आलं ते मी लिहीत नाही, ते त्याचं आहे. मग म्हणाला, "देव पाण्यात ठेवलेस म्हणून."

इथे गप्प बसता आलं असतं. मी म्हणाले, "नाही. मी ठेवले होते ते तुझं नाव येऊ नये म्हणून."

मला वाटलं, आता हा उठून जाईल.

"म्हणजे नऊ दिवस गणपती पाण्यात, आणि तरी त्याने तुझं ऐकलं नाही?"

"नाही."

"खमका आहे," तो म्हणाला, आणि माझा हात धरून उठला. फोड दुखत होते त्याचे.

ह्यांना सांगितलं तेव्हा हे स्क्रू शोधायला लागले. गज पुन्हा बसवायचा म्हणाले, जायला अजून दिवस आहेत.

या गोष्टीला आता पाच वर्षं होतील. निखिल अधिकारी झाला, सध्या तोही एका थंड जागी आहे. माझ्या वर्गात आता सगळे कॉम्प्युटरच आहेत आणि पत्रं कोणी फारशी लिहीत नाही. त्या बाईला मी पुढच्या आठवड्यात तांबट आळीत शोधलं. गळके हंडे रोज येतात, कोणाचा कोण लक्षात ठेवणार, असं तांबटांचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे. तिच्या मुलाचं नाव मी पंधरा वेळा टाइप केलं. पण टाइप करणाऱ्यांचं असंच असतं, बोटं वाचतात, डोकं वाचत नाही. त्याच रात्री मला ते नाव आठवेना. तो परत आला का, हे मला कधीच कळणार नाही. म्हणून रोज देवापुढे आधी त्याच्यासाठी हात जोडते, मग माझ्या मुलासाठी. ती बाई कोण होती यावर माझं काही म्हणणं नाही. ती माझ्याकडे पाठवली गेली, एवढं मी मानते. भीती तिच्यासारखीच माझीही गेलेली नाही. फक्त देवाला धरून ठेवायचं सोडलं. त्याच्या हातात काय द्यायचं हे ठरवणारी मी कोण, हे मला त्या एका दुपारी कळलं, आणि ते कळायला पंचेचाळीस वर्षं लागली. त्याबद्दल मी ऋणी आहे. आता पूजेला वीस मिनिटं लागतात.

नंबर सापडला त्याच्या दुसऱ्या दिवशीचं तेवढं सांगते. सकाळची तुकडी सोडून मी बोहरी आळीत गेले. बोलावणं टपालाने यायचं होतं, पण सोबत काय काय न्यायचं त्याची यादी निखिलने केव्हाच मिळवून ठेवली होती, आणि तिच्यात पहिली होती काळी पत्र्याची ट्रंक. दुकानदाराने एक पुढे ओढली. मी बिजागऱ्या बघितल्या, कडी ओढून बघितली, लांबी बघायला वीत टाकली आणि एका वितीनंतर, ती पेटी आठवून, हात मागे घेतला. म्हणाले, "हीच द्या." दारातच रंगारी बसला होता, पांढऱ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन. त्याने विचारलं, "नाव?" मी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांचं, आडनाव. त्याने चांगल्या अक्षरात काढलं. मग ब्रश तसाच धरून म्हणाला, "खाली काय घालू? हुद्दा, नंबर, गाव?"

"काही नको. ती जागा मोकळी ठेवा. तिकडची माणसं भरतील."

रंग वाळेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. मग रिक्षाला हात केला.